पिवळ्या झेंड्याखाली अर्धा दिवस

फेब्रुवारी २०२४ मध्ये मित्राच्या शिडाच्या यॉटवरून आम्ही चौघे कॅरिबियन समुद्रातील युनियन बेटाहून शेजारच्या कॅरिआकू बेटाला गेलो. दोन्ही बेटे एकमेकांना दिसतात, पण देश वेगळे: युनियन सेंट व्हिन्सेंटचे, कॅरिआकू ग्रेनाडाचे. त्यामुळे सकाळी युनियनच्या क्लिफ्टन बंदरात निर्गमनाचे सोपस्कार उरकायचे आणि काही सागरी मैल काटून कॅरिआकूच्या टिरेल बे या उपसागरात प्रवेशाचे सोपस्कार नव्याने करायचे, हे ओघाने आलेच.

नांगर टाकताच मित्राने डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवला. या नौकेला अद्याप प्रवेश मिळालेला नाही, हा त्याचा अर्थ. तो उतरेपर्यंत कप्तानाखेरीज कोणीही किनाऱ्यावर पाऊल ठेवायचे नसते. सर्वांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो रबरी होडीतून एकटाच गेला. सेलक्लिअर या संकेतस्थळावर नौकेची व माणसांची माहिती मी आदल्या रात्रीच भरली असल्याने काम झटपट होईल, असे धरून मी चहा टाकला.

तासाभराने तो परतला, तो माझ्यामुळेच. यादीत मी सवयीने माझे नाव आणि आडनाव एवढेच लिहिले होते. पासपोर्टवर मात्र नावाच्या रकान्यात वडिलांचेही नाव आहे. दोन्ही माणसे एकच, हे अधिकाऱ्यांना पटले होते, पण कागदांचे एकमेकांशी जुळणे आवश्यक होते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. फोनवरून यादी दुरुस्त केली, मित्र पुन्हा वल्हवत गेला आणि दुपारी उशिरा पिवळ्या झेंड्याच्या जागी ग्रेनाडाचा झेंडा चढला. शुल्क पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये भरले. अमेरिकी डॉलरला २.७० हा त्याचा दर बांधलेला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही विंडवर्ड गावी गेलो. तेथे समुद्रालगतच, छपराविना, एका लाकडी होडीचा सांगाडा उभा होता आणि त्याच्या बरगड्यांसाठी नैसर्गिक वळण असलेले पांढऱ्या सीडरचे लाकूड वापरले होते, म्हणजे लाकूड वाकवायचे नसून वाकलेले शोधायचे असते. येथील होडीबांधणीचा युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आम्ही परतल्यानंतर काही महिन्यांनी, १ जुलैला, बेरिल चक्रीवादळ याच बेटावर धडकले. ज्या टिरेल बेमध्ये आम्ही निवांत चहा घेतला, तेथील खारफुटीत आसऱ्याला गेलेल्या नौकांचीही त्यात मोडतोड झाली.