निळा की निळं?

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझा स्ट्रूप प्रयोगाचा अहवाल मॅडमनी परत दिला. ज्या प्रस्तावनेवर मी तीन आठवडे घालवले, तिच्यावर एकही खूण नव्हती. 'पद्धत' या भागावर मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं : हे वाचून दुसऱ्या कुणाला प्रयोग करता येईल?

प्रयोग तसा सोपा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला; शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूपच्या १९३५ च्या निबंधात शंभर रंगीत चौकोनांना सरासरी ६३.३ सेकंद लागले, अशा शंभर शब्दांना ११०.३.

घरी येऊन 'पद्धत'ची ती दोन पानं आईच्या हातात दिली. ती प्रयोगकर्ती, मी प्रयोज्य, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. लगेच तिने विचारलं, "तू चुकलीस तर थांबवू, की जाऊ देऊ?" पानांत उत्तरच नव्हतं. स्ट्रूपने चुका दुरुस्त करायला सांगितलं होतं, म्हणजे त्याच्या सेकंदांत दुरुस्तीचा वेळही आला. मीही तेच केलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. मग दुसरा प्रश्न : "यादीत 'निळा' आहे, तू 'निळं' म्हणालीस. चूक धरू?" इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही अडचण कुठून येणार! लाल बिचारा लिंगाप्रमाणे बदलत नाही; निळा, हिरवा, पिवळा बदलतात. मी दोन्ही रूपं चालवून घेतली होती, पण ते माहीत फक्त मला.

तेव्हापासून मी अहवाल 'पद्धत'पासूनच लिहायला घेते, तोही प्रयोग चालू असताना.

'निकाल' या भागात 'कारण' हा शब्द आला की ते वाक्य उचलून 'चर्चा' या भागात टाकते. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने पी-मूल्य (खरा फरक नसताना असा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) .००० दाखवलं ते मी तसंच उतरवलं होतं, ते '.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं असतं. चर्चेतलं 'सिद्ध झालं' मॅडमनी सात ठिकाणी खोडून 'परिकल्पनेला आधार मिळतो' केलं. वर्गातल्या २४ मैत्रिणींवरून मी थेट 'मानवी मना'वर गेले होते, तेही खोडलं. बरोबरच होतं म्हणा.

सारांश सगळ्यात शेवटी, साधारण २५० शब्दांत. प्रस्तावना त्याच्या आधी. माझी सुरू व्हायची १८७९ पासून, मानसशास्त्राची पहिली मानल्या जाणाऱ्या, लाइपझिगमधल्या विल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेपासून. रंगांपर्यंत पोचेतो चौथं पान उजाडायचं. वुंटना काढलं. वाचलेल्या जागेत 'निळा-निळं'चा परिच्छेद आरामात मावला.