सायगॉनच्या कामट्या : ट्रुंग थूच्या कंदिलांची नोंदवही

२४ ऑगस्ट २०२५

कंदीलवाल्या मंडळींनो, यंदा कामट्या दोन महिने आधीच तासायला घेतल्या आहेत. सध्या मुक्काम सायगॉनला, म्हणजे हो ची मिन्ह शहरात आहे, आणि इथला कंदिलांचा सण दिवाळीच्या आधी येतो. तेत ट्रुंग थू, चांद्र वर्षातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. बहुतेक वर्षी ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडते. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला होती. यंदा त्यांच्या पंचांगात सहावा महिना दोनदा आला, आपल्या अधिक मासासारखा, म्हणून सण थेट ६ ऑक्टोबरला गेला. त्याच रात्री आपली कोजागिरी! हे लक्षात आल्यापासून हात शिवशिवतायत. तीन कंदील करायचे ठरवलेत : चांदणी, मासा आणि फिरता.

३१ ऑगस्ट

चांदणीचा सांगाडा उभा राहिला. आपल्या चांदणीसारखाच हिशोब : पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधायचं, मधल्या पाच फुल्यांवर आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. कामटी ४५ सेंटिमीटरची घेतली. फुली कुठे पडते हे अंदाजाने करू नका, प्रत्येक टोकापासून १७.२ सेंटिमीटरवर आधीच खूण करून ठेवा. कुठलीही लांबी असो, ०.३८२ ने गुणा, चांदणी वेडीवाकडी होत नाही. पोटातल्या काड्या ८ सेंटिमीटरच्या.

कामट्या मी नेहमीच्या जाडीच्या घेतल्या, सुतळीने घट्ट आवळल्या. वजन भरलं ३१० ग्रॅम. शेजारची सात वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी काम बघायला येते. तिने काठीला अडकवून तो उचलला आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईतो दोनदा हात बदलला. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला आकाशकंदील गॅलरीत टांगला की महिनाभर हुकाचा असतो. हा कंदील हुकाचा नव्हेच, मुलाच्या हातात काठीच्या टोकाला झुलत गल्लीभर फिरणारा आहे. ट्रुंग थूला इथे मुलांचा सण म्हणतात, तो असा कामटीच्या जाडीपर्यंत उतरलेला असतो.

सांगाडा सोडवून ठेवला. पुन्हा पहिल्यापासून.

१४ सप्टेंबर

आज लाक लोंग क्वान रस्त्याच्या आतल्या फू बिन्ह वस्तीत जाऊन आले. सायगॉनची ही कंदील करणाऱ्यांची जुनी वस्ती. १९५४ साली देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतल्या नाम दिन्ह प्रांतातून, बाओ दाप गावातून, कॅथलिक कुटुंबं इथे आली आणि येताना कंदिलाची कला घेऊन आली. बाओ दापमध्ये आजही चांदण्या होतात. गंमत अशी की उत्तरेत कंदिलाला ‘देन लोंग’ म्हणतात आणि दक्षिणेत शब्द उलटून ‘लोंग देन’.

एका घराच्या ओट्यावर तासभर बसायला मिळालं. काम माणसांत वाटलेलं : एक जण बांबू फाडणारा, एक बांधणारा, एक कागद चिकटवणारा, आणि एक बाई जिलेटिनच्या कागदावर ब्रशने फुलं रंगवणाऱ्या. एक पाकळी, एक फटकारा, ब्रश परत फिरत नाही. या जिलेटिनच्या कागदाला इथे ‘काचेचा कागद’ अशा अर्थाचा शब्द आहे. बांधणारे काका सुतळी वापरत नाहीत. बारीक तारेचा एकच वेढा, पक्कडीने पीळ, उरलेली तार छाटली. कामटी तर अशी पातळ की बोटाभोवती वाकेल. प्लॅस्टिकचे, बॅटरीचे, गाणी म्हणणारे कंदील बाजारात आल्यावर इथल्या अनेक घरांनी हे काम सोडलं. जी उरली आहेत ती सणाच्या कितीतरी महिने आधीपासून सांगाडे बांधून रचून ठेवतात. येताना काकांकडून मूठभर कामट्या मागून घेतल्या. पैसे घेतले नाहीत.

२१ सप्टेंबर

दुसरी चांदणी. त्याच मापाची, फू बिन्हच्या कामट्या, तारेचे पीळ. वजन १२० ग्रॅम!

आता कागदाबद्दल, कारण यात माझा आठवडा गेला. इथे पावसाळा चालू आहे, हवा ओली. ताणून चिकटवलेला कागद सकाळी ढिला पडून सुरकुतलेला. खरा जिलेटिनचा कागद ओल पिऊन पसरतो आणि सुकला की आवळतो, तेव्हा हाच गुण वापरायचा : ओलसर कापसाने पुसून तसाच चिकटवायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. सुकल्यावर हलगीसारखा ताणला गेला. मात्र प्लॅस्टिकचा चमकता कागद हुबेहूब तसाच दिसतो आणि त्याला पाण्याचं काहीच वाटत नाही. विकत घेताना कोपरा ओला करून बघा. मऊ पडला तर खरा.

वरचा त्रिकोण उघडा ठेवलाय. आत मेणबत्ती असते, वाफेला वाट हवीच.

२८ सप्टेंबर

मासा झाला. कार्प मासा धबधबा चढून गेला की त्याचा ड्रॅगन होतो अशी इथली गोष्ट आहे, म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या हाती हा कंदील देतात. शेपूट वेगळी बांधून तारेच्या कडीत अडकवली, चालताना ती हलते. खवले रंगवताना फू बिन्हच्या बाईंचा फटकारा आठवत होते. तसा अजून जमत नाही.

४ ऑक्टोबर

फिरता कंदील, ‘देन केओ क्वान’. नावाचा अर्थ निघालेलं सैन्य. मेणबत्तीची गरम हवा वर चढते, वरच्या कागदी चक्राच्या तिरप्या पात्यांना ढकलते, चक्राच्या दांडीला लावलेले घोडे-शिपाई फिरतात आणि बाहेरच्या कागदावर त्यांच्या सावल्या चालू लागतात. हनोईजवळचं दान व्हिएन गाव यासाठी नावाजलेलं आहे.

माझं चक्र अर्धा फेरा घेऊन थांबतं. दांडीचं टोक सुईचं केलं, खाली टिचबटणाची खोबण दिली, घासण कमी झाली. तरी एक बाजू जड आहे. हलक्या बाजूला खळीचे ठिपके देत बसले आहे.

६ ऑक्टोबर, रात्री

लुओंग न्यू होक रस्त्यावर, चो लोन या सायगॉनमधल्या चिनी वस्तीच्या कंदीलबाजारात, पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारभर कुठून ना कुठून सिंहनृत्याचे ढोल ऐकू येत होते. सिंहापुढे पोट सुटलेला, गोल हसरा मुखवटा घातलेला ओंग दिआ पंखा हलवत नाचतो, तो भूमीचा देव. लहान मुलं सिंहाला भितात आणि याला बिलगतात.

अंधार पडल्यावर आमच्या इमारतीतली पंधरा-वीस मुलं कंदील घेऊन निघाली. बहुतेकांचे बॅटरीचे. शेजारच्या मुलीच्या हातात माझी चांदणी, तिच्या धाकट्या भावाकडे मासा. ती मला ‘को’ म्हणते, म्हणजे आत्या. “को, मेणबत्ती!” म्हणून तिनेच काडेपेटी पुढे केली. लाल कागदातून उजेड फुटला आणि बॅटरीवाली दोन पोरं आपले कंदील बंद करून तिच्यामागे चालू लागली. पूर्ण गल्ली, परत, पुन्हा एकदा. हात एकदाही बदलला नाही.

नंतर गच्चीवर ताट मांडलं : पोपनस, केळी, चंद्रासारखे गोल केक. केकच्या आत खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, तोच चंद्र. माझ्याकडून आटवलेलं केशरी दूध. खालच्या मजल्यावरच्या आजींनी चंद्रावरचा डाग दाखवत कुओईची गोष्ट सांगितली. त्याच्याकडे दुखणी बरी करणारं वडाचं झाड होतं. बायकोने त्याला घाण पाणी घातलं, झाड मुळांसकट उडालं, आणि अडवायला धावलेला कुओई मुळांना लोंबकळत चंद्रावर पोचला. मी म्हटलं, आम्हाला तिथे ससा दिसतो. आजी म्हणाल्या, ससाही आहे तिथेच.

चांदणीचं एक टोक आतून करपलंय. मेणबत्तीची तार दोन सेंटिमीटर खाली घ्यायला हवी. फिरता कंदील अजून अर्ध्या फेऱ्यावरच आहे. चक्र तोलायची कोणाकडे युक्ती असेल तर सांगा, दिवाळीला २० तारखेपर्यंत वेळ आहे.