एवढं अफाट विश्व पाहून भीती नाही वाटत?

आकाशदर्शनाच्या रात्री, शनीची कडी आणि मृगातला तेजोमेघ बघून झाला, चहाचे पेले हातात आले की हा प्रश्न हमखास येतो. “एवढं मोठं विश्व आणि त्यात आपण एवढेसे. तुम्हाला भीती नाही वाटत?” दुर्बिणीपाशी रांग असते, त्यामुळे तिथे काहीतरी दोन वाक्यांत बोलून वेळ मारून नेली जाते. तुम्ही विचारलंत म्हणून इथे नीट उत्तर देतो.

वाटते. पण कशाची, हे सांगायला मोजपट्टी लागते.

बहुतेकांची भीती आकड्यांच्या माऱ्यातून आलेली असते. दृश्य विश्वाचा व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष), वय १३८० कोटी वर्षं, आपल्या एका आकाशगंगेत १०००० कोटींहून जास्त तारे. यातला एकही आकडा डोक्यात उतरत नाही, फक्त दडपण उतरतं. ते तीन मिनिटांचे व्हिडिओ तर त्याहून वाईट. पृथ्वी लहान होत जाते, सूर्य ठिपका होतो, आकाशगंगा ठिपका होते आणि मागे गंभीर संगीत. दर काही सेकंदांनी अंतर दहापट वाढतंय हे बघणाऱ्याला कळतच नाही. अर्जुनालासुद्धा सगळं एकदम दिसलं तेव्हा कापरं भरलं आणि ‘नेहमीचं रूप दाखव’ म्हणायची वेळ आली. आपण पायरी पायरीनं जाऊ.

पहिली पायरी रस्त्यावर मांडायची. अर्धा किलोमीटर सरळ, वाहनं नसलेला रस्ता शोधा. प्रमाण ठेवा १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटर. हे प्रमाण निवडायचं कारण पृथ्वी डोळ्यांना दिसते आणि नेपच्यूनपर्यंत चालतही जाता येतं. याहून लहान केलंत तर पृथ्वी दिसेनाशी होते, मोठं केलंत तर रस्ता पुरत नाही.

सूर्य म्हणजे १४ सेंमी व्यासाची पिवळ्या पुठ्ठ्याची चकती. ती काठीला डोळ्यांच्या उंचीवर लावा. ५.८ मीटरवर बुध, १०.८ वर शुक्र, १५ मीटरवर पृथ्वी. पृथ्वी १.३ मिमी, म्हणजे मोहरीचा एक बारीक दाणा. तिच्यापासून ३.८ सेंमीवर चंद्र, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. २३ मीटरवर मंगळ, त्याला खसखस चालते, बुधालाही. ७८ मीटरवर गुरू, खेळायची १४ मिमीची गोटी. १४३ मीटरवर शनी, त्याहून जरा लहान गोटी. २८७ वर युरेनस आणि ४५० वर नेपच्यून, दोन्ही मिरीचे दाणे.

यात चुका ठरलेल्या आहेत. मोहरी हातात घेऊन जाणाऱ्याची मोहरी पडते आणि मग सगळे रस्त्यावर पृथ्वी शोधत बसतात, म्हणून दाणे आदल्या दिवशी काळ्या कार्डावर डिंकानं चिकटवा. अंतर पावलांनी मोजू नका. मुलांची पावलं नेपच्यूनपर्यंत जाताना पन्नास मीटर तरी इकडेतिकडे करतात. दोरीला दर १० मीटरवर गाठ मारून घ्या, पण नायलॉनची दोरी ताणली की लांबते, सुती घ्या. शाळेचं मैदान बहुधा गुरूपाशीच संपतं. तेव्हा ‘उरलेलं कल्पनेनं’ म्हणू नका, गेटाबाहेर पडा. सगळा परिणाम त्या बाहेरच्या चालण्यातच आहे.

मांडणी बरोबर झाली का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मोहरीच्या जागी उभं राहून चकतीकडे बघा. हात पूर्ण लांब केल्यावर करंगळीचं नख तिला पुरतं झाकून दोन्हीकडे थोडं उरेल. ग्रहणाचा चष्मा लावून खऱ्या सूर्याकडे बघितलंत तरी करंगळी तितकीच उरते, कारण दोन्ही आकाशात अर्ध्या अंशाएवढीच जागा घेतात. (चष्मा विसरू नका. एक्स-रेची फिल्म किंवा काळी काच म्हणजे चष्मा नव्हे.) पुस्तकातल्या चित्रावर वाढलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. त्या चित्रांत ग्रहांचे आकार एका प्रमाणात आणि अंतरं दुसऱ्याच प्रमाणात छापलेली असतात. इलाज नाही, पान तेवढंच असतं.

आता उजेड चालवा. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ सेंमी जातो. दोरीवरून बोट सेकंदाला ३ सेंमी या वेगानं सरकवत सूर्यापासून मोहरीकडे निघा. ८ मिनिटं २० सेकंद लागतील. बहुतेक जण दुसऱ्या मिनिटाला कंटाळतात. विश्वातली सगळ्यात वेगवान गोष्ट हीच. नेपच्यूनला पोचायला तिला चार तासांहून जास्त लागतात. माणूस स्वतः आजवर मोहरीपासून चार सेंटिमीटर, चंद्रापर्यंत गेलाय. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि रोज १५ सेंमी पुढे सरकतंय.

मिरीचे दोन दाणे, दोन गोट्या, थोडी मोहरी-खसखस. सगळे ग्रह एका मुठीत मावले. आता पुढचा तारा कुठे ठेवायचा? नरतुरंग तारकासमूहातला मित्र नावाचा तारा हा आपला शेजारी. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ दिसतो. अंतर ४.४ प्रकाशवर्षं. आपल्या रस्त्यावर ते ४१०० किलोमीटरच्या वर भरतं. पुण्यात मांडणी केली असेल तर पुठ्ठ्याची दुसरी चकती घेऊन सिंगापूरच्याही पुढे जावं लागेल. आणि मधल्या सगळ्या वाटेवर, मूठभर ग्रह आणि बर्फाळ भुकटी सोडली, तर काही नाही.

आमची भीती इथली आहे. विश्व मोठं असण्याचं काही वाटत नाही, मोठं असायला जागा लागतेच. पण ४१०० किलोमीटर चालत जायचं आणि वाटेत एक गोटीही लागू नये, हे ज्यानं एकदा नेपच्यूनपर्यंत स्वतःच्या पायांनी चालून पाहिलंय त्याच्या पोटात गोळा आणतं. तो येऊ द्यावा. हा गोळा खऱ्या मापातून आलेला आहे, व्हिडिओतल्या संगीतातून नव्हे.

अंतरानंतर काळ. इथे एक चुकीचं वाक्य आधी खोडून टाकतो, कारण भीतीचा बराच भाग त्यातून येतो: ‘आकाशात दिसणारे बहुतेक तारे केव्हाच मेलेत.’ नाहीत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि तारा जगतो तो लाखो ते अब्जावधी वर्षं. तुम्हाला दिसतायत ते जवळपास सगळे आजही तिथेच आहेत.

त्याऐवजी आपल्या वयाचा तारा शोधा, म्हणजे ज्याचा आज डोळ्यांत शिरणारा उजेड तुमच्या जन्माच्या सुमारास निघाला तो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला व्याध, अकरा-बाराला प्रश्वा, सतराला श्रवण, पंचविशीला अभिजित. चौतिशीला पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी, सदतिशीला स्वाती, त्रेचाळिशीला ब्रह्महृदय. पासष्टीच्या आजोबांना रोहिणी आणि एकोणऐंशीच्या आजींना मघा. मधल्या वयांनी जवळचा धरावा, वर्ष-दोन वर्षांची ओढाताण चालते. मृगातली काक्षी मात्र कुणाला देऊ नका. तिच्या अंतराचे आकडे साडेपाचशेपासून सातशे प्रकाशवर्षांपर्यंत हेलकावतात, कारण तारा इतका फुगलेला आणि ठिगळाठिगळांचा आहे की त्याचं लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याची जागा किंचित सरकलेली दिसते ते अंतर, नीट मोजता येत नाही.

तिसरी पायरी म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारी, आपल्या भागातून सहज सापडणारी सगळ्यात दूरची गोष्ट: देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षं. नोव्हेंबरच्या मध्यात, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊ-साडेनऊला उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर करा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानी तारकासमूहाची रांग निघते. पहिला तारा सोडा, दुसऱ्या तेजस्वी ताऱ्यावर थांबा. तिथून काटकोनात शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेनं वळा. एक मंद तारा, मग त्याहून मंद दुसरा, आणि त्याच्या शेजारी एक धुरकट लांबट डाग. तीच देवयानी दीर्घिका.

दिसत नसेल तर कारणं नेहमीची असतात. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि कुणीतरी मोबाईल उघडला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळा. थेट बघू नका, डागाच्या जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या अगदी मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. पहाटेकडे भिंगांवर दव येतं, ते रुमालानं पुसलं की ओरखडे आणि धुरकटपणा दोन्ही मिळतं. झाकण लावून थोडा वेळ उबेत ठेवा. द्विनेत्री १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमीच्या भिंगांची) असेल तर उत्तम, पण एकदा पडलेल्या द्विनेत्रीतून प्रत्येक तारा दोनदा दिसतो आणि त्यात देवयानी शोधणं म्हणजे शिक्षा. मुंबई-पुण्याच्या झगमगाटात हा सगळा खटाटोप करू नका.

आणि सापडल्यावर लोक हिरमुसतात. ‘एवढंच?’ फोटोत ती सहा पौर्णिमेच्या चंद्रांएवढी रुंद असते, पण तो फोटो तासन्‌तास उजेड साठवून काढलेला असतो. डोळा साठवत नाही, त्याला फक्त मधला गाभा दिसतो. हे आधीच सांगून ठेवावं.

आपली १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटरची दोरी इथे तुटते. नवी घ्या: आकाशगंगा, १ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे १ मीटरची थाळी. आता देवयानी २५ मीटरवर, थाळीहून मोठीच. म्हणजे दीर्घिका एकमेकींच्या मानानं चांगल्या दाटीवाटीनं राहतात, ताऱ्यांसारख्या एकाकी नाहीत. आधीचं सिंगापूरपर्यंतचं अंतर मात्र या थाळीत केसाच्या जाडीएवढंही भरत नाही. दोन्ही प्रमाणं एका वेळी डोक्यात धरायचा प्रयत्न करू नका, गोंधळच होतो. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतल्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला सरस्वती नावाचा दीर्घिकांचा महासमूह शोधला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. पुण्यात थाळी ठेवली तर तो राजगुरुनगरच्या जवळपास, ४० किलोमीटरवर, आणि ६ किलोमीटर पसरलेला. दृश्य विश्वाची हद्द सगळीकडे ४६५ किलोमीटरवर. मुंबईत थाळी ठेवली तर अहमदाबादच्या थोडं पुढे. ९३०० कोटी प्रकाशवर्षं ऐकून धाप लागलेल्या माणसाला हा नकाशा दाखवला की त्याचा चेहरा बदलतो. एवढं तर एका रात्रीच्या गाडीत उरकतं!

देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं येतेय, ती आदळणार ना, असंही विचारतात. पूर्वी ठाम हो म्हणत. २०२५ मध्ये नव्यानं केलेल्या गणितात पुढच्या १००० कोटी वर्षांत आदळण्याची शक्यता साधारण निम्मी निघाली. आणि आदळल्याच तरी तारे तार्‍यांवर आपटणार नाहीत. सिंगापूरपलीकडच्या चकतीवर पुण्याची चकती आपटायची कशी? ज्या रिकामेपणानं पोटात गोळा येतो, तोच इथे वाचवतो.

वक्त्यांसाठी एक विनंती. ‘आपण धुळीचा कणसुद्धा नाही’ हे वाक्य माइकवरून म्हणू नका. ते मोजमाप नव्हे, शेरा आहे. मोहरी १.३ मिमीची आहे एवढं सांगा, पुढचं ज्याचं तो ठरवेल. सूर्य पृथ्वीला गिळेल हे लहान मुलांना सांगायचंच असेल तर ‘५०० कोटींहून जास्त वर्षांनी’ हे वाक्याच्या आधी घाला, नंतर नाही. नंतरचं त्यांना ऐकू येत नाही.

उताणं पडून आकाश बघताना वर कोसळतोय असं वाटणं, गरगरणं, हे नेहमीचं आहे. काळ्याकुट्ट आकाशाखाली डोळ्यांना धरायला काही राहत नाही म्हणून तसं होतं. उठून बसा, पाठ झाडाला किंवा भिंतीला टेका, नजरेच्या कडेला डोंगराची एखादी कड राहू द्या. पाच मिनिटांत थांबतं. ज्याला घरी, दिवसासुद्धा या विचारानं छाती धडधडते, झोप उडते, त्यानं मात्र दुर्बीण नाही, डॉक्टर गाठावा.

मुलांना आकाशदर्शनाला आणायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आणा. सहा-सात वर्षांच्यांना अमावास्येला आणू नका, शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या आसपास आणा. चंद्रावरची विवरं आधी दाखवा, मग व्याध आणि त्याचा उजेड किती वर्षांपूर्वी निघाला ते. बाराच्या आत झोपू द्या. नेपच्यूनपर्यंत चालणं दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत, आणि मोहरीची दोन-तीन कार्डं जास्तीची ठेवा.