अखेर केन्याची पर्णरंध्रं उघडली!

मंडळी, आज सकाळी साडेदहाला केन्याच्या (केना, म्हणजे पावसाळ्यात उगवणारं Commelina हे तण) पानाच्या पापुद्र्यावरची रंध्रं, म्हणजे सूक्ष्म छिद्रं, सताड उघडी दिसली. आयपीस मायक्रोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतली मोजपट्टी) वीस रंध्रं मोजली, फटीची रुंदी सरासरी 11 मायक्रॉन! गेले पाच रविवार ती दोनच्या वर सरकत नव्हती.

रंध्रं उघडतच नाहीत, या माझ्या मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी प्रकाशावर बोट ठेवलं होतं. म्हणून निळा एलईडी आणला, पान रात्रभर अंधारात ठेवलं, पापुद्रा कव्हरस्लिपखाली न कोंडता वाटीतल्या पोटॅशच्या द्रावणावर तरंगत सोडला. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी ढिम्म. मग संशय पोटॅशवर. (खताच्या दुकानातलं लाल म्युरेट ऑफ पोटॅश या कामाला घेऊच नका, कितीही गाळा, गढूळपणा राहतोच.) शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आणलं, 100 मिलीला 0.37 ग्रॅम, म्हणजे 50 मिलिमोलर. तरी तेच.

निळ्या प्रकाशात रक्षक पेशी प्रोटॉन बाहेर फेकतात, आत ऋणभार वाढतो, पोटॅशियम आत येतं आणि त्यामागोमाग पाणी. पेशी फुगून धनुष्यासारख्या वाकल्या की मधली फट रुंदावते. प्रकाश होता, पोटॅशियम होतं, मग अडत कुठे होतं?

गुरुवारी किटली घासताना तळाचा पांढरा थर नखाने खरवडला आणि हात तिथेच थांबला. कॅल्शियम! द्रावण मी दर वेळी बोअरच्या पाण्यात करत होतो. रक्षक पेशीत कॅल्शियम वाढलं की प्रोटॉन पंप मंदावतो, ऋण आयन बाहेर पडू लागतात, त्यांच्यासोबत पोटॅशियमही. पाण्याचा ताण पडल्यावर ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पतीतलं संप्रेरक रंध्रं मिटवतं, तेही बऱ्याच अंशी याच वाटेने.

गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. बाकी काही बदललं नाही. आठला केसाएवढी रेघ होती. साडेनऊला घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन पेशी, आत हरितलवकांचे हिरवे ठिपके, आणि मध्ये स्वच्छ उजेड. किती वेळ नुसता बघत बसलो!

पुढच्या रविवारी बोअरचं पाणी उकळून, गाळून हेच करणार होतो. पण लिहितानाच लक्षात आलं, उकळून सगळं कॅल्शियम जात नाही, शिवाय सामूही (pH) बदलतो. त्यापेक्षा डिस्टिल्डमधल्या त्याच द्रावणाच्या दोन वाट्या, एकीत जास्तीचं फक्त 1 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. माझा काटा 0.01 ग्रॅमचा, म्हणून 100 मिलीत 1.1 ग्रॅम निर्जल क्लोराइडचं साठा-द्रावण आजच करून ठेवतो. त्यातलं 1 मिली 100 मिलीला पुरेल. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाची पानं तोवर थांबतील.