'कुणी उघडलं?' हा प्रश्नच चुकीचा आहे

मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयटी विभागात मी काम करते. मेलमधून काही विचित्र शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणी उघडलं?" डॉक्टर विचारतात, अकाउंट्सवाले विचारतात, ट्रस्टीही विचारतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो.

आमच्या टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलावरच्या ताईंचं काम बघा. सकाळपासून विमा कंपन्यांचे मेल सुरू होतात. प्री-ऑथ (उपचाराआधीची परवानगी) मंजूर, अमुक कागद कमी, डिस्चार्जची अंतिम मंजुरी बाकी. पाठवणारा रोज नवा. काउंटरसमोर पेशंटचा मुलगा उभा असतो, खाली गाडी थांबलेली असते, कर्नाटकात अथणीपर्यंत जायचं असतं आणि मंजुरीचं पत्र आल्याशिवाय सोडता येत नाही. अशात "क्लेम नाकारला, कारण सोबत जोडले आहे" असा मेल आला तर ताई तो उघडणारच. अनोळखी मेल उघडू नका हा सल्ला इतरांसाठी ठीक असेल, ताईंचं तर कामच अनोळखी मेल उघडण्याचं आहे. लॅबमध्ये तेच, रेडिओलॉजीत तेच, बिलिंगमध्ये तेच.

मग फिल्टर कडक करा, असं लोक सुचवतात. हॉस्पिटलात ते वाटतं तितकं सोपं नाही. स्पॅम फिल्टर शब्दांना गुण देतो, आणि सिल्डेनाफिल, म्हणजे वायग्रातलं औषध, हा स्पॅमवाल्यांचा वर्षानुवर्षांचा लाडका शब्द. पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्या नवजात बाळांना एनआयसीयूमध्ये, म्हणजे त्यांच्या अतिदक्षता विभागात, हेच औषध देतात. फार्मसीची ऑर्डर, डिस्ट्रिब्युटरचं कोटेशन, बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न, सगळ्यांत तो शब्द असतो. युरॉलॉजी आणि गायनॅकच्या मेलमध्ये अवयवांची नावं असणारच. भाषेवरूनही अडवता येत नाही, कारण आमचे कितीतरी पेशंट कर्नाटकातून येतात आणि कन्नडमध्ये लिहितात. म्हणून शब्दांवरचा भर आम्ही कमी केला आणि पाठवणारा खरा आहे का यावर वाढवला. मेल ज्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावानं आला, त्या डोमेननं तो सर्व्हर अधिकृत म्हणून जाहीर केलाय का, डिजिटल सही जुळते का, हे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांतून कळतं. आमच्याच डायरेक्टर सरांच्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसणारे, "ताबडतोब या खात्यावर पैसे भरा" म्हणणारे मेल त्यामुळे दारातच अडतात. चोरलेल्या खऱ्या खात्यावरून आलेला मेल मात्र या तिन्ही तपासण्या पास होतो, हे विसरून चालत नाही.

अटॅचमेंटचं दुखणं वेगळं. एक्झी फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, सरसकट बंद करावी हे कुणीही सांगेल. पण सीटी स्कॅनची सीडी कधी उघडून पाहिलीय? चित्रांच्या फोल्डरशेजारी ती बघण्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम असतो, म्हणजे एक्झीच. नातेवाईक अख्खी सीडी झिप करून न्यूरोसर्जनना पाठवतात. अडवली तर डॉक्टर चिडतात, सोडली तर मला झोप लागत नाही. आता अशा झिप बाजूला काढून, नेटवर्कपासून तोडलेल्या एका संगणकावर उघडतो, त्यातल्या फक्त डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनची चित्रं, घेतो आणि पॅक्समध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या चित्रसाठ्यात चढवतो. वेळ जातो. सर्जननी तो मान्य केला, कारण त्यांना तो संगणक दाखवून समजावलं.

आता आयर्लंडबद्दल. मला जे म्हणायचंय ते मी तिथल्या अहवालातून शिकले.

14 मे 2021. आपल्याकडे तेव्हा कोविडची दुसरी लाट होती, ऑक्सिजनपलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं, त्यामुळे ही बातमी इथे फार कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्या रात्री एकच्या सुमारास आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा, एचएसई, कॉन्टी टोळीच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं ठप्प केली. डॉक्टर कागद-पेनावर आले, तपासण्या रद्द झाल्या, कॅन्सरच्या पेशंटची रेडिओथेरपी थांबली. सरकारनं खंडणी दिली नाही. 20 मेला टोळीनं स्वतःच कुलूप उघडण्याची किल्ली देऊन टाकली, तरी सगळे सर्व्हर मोकळे व्हायला 21 सप्टेंबर उजाडला.

सुरुवात एका मेलनं झाली होती. 18 मार्चला कुणीतरी मेलमधली एक्सेल फाइल उघडली. त्याच डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या, पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या अहवालात हे आहे, आणि बहुतेक लोक तेवढंच लक्षात ठेवतात. मला त्याच्या पुढची पानं महत्त्वाची वाटतात. 18 मार्च ते 14 मे म्हणजे आठ आठवडे. 31 मार्चला त्याच संगणकावर अँटिव्हायरसनं कोबाल्ट स्ट्राइक आणि मिमिकॅट्झ ही चोरांची दोन हत्यारं ओळखली. मिमिकॅट्झ मेमरीतून पासवर्ड काढतं. पण तो अँटिव्हायरस फक्त नोंद करण्याच्या सेटिंगवर होता, अडवण्याच्या नाही. हल्ल्याच्या आदल्या दिवशी अँटिव्हायरस कंपनीनंच कळवलं की सोळा-एक मशिनवर धोक्याच्या नोंदी पडून आहेत. त्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितलं गेलं. त्याच सुमारास तिथल्या आरोग्य मंत्रालयावर झालेला हल्ला मात्र वेळीच रोखला गेला.

म्हणजे फाइल एका माणसानं एकदा उघडली, आणि त्यानंतर आठ आठवडे यंत्रणा सांगत होती, ऐकणारं कुणी नव्हतं. त्या माणसाला काय म्हणून बोल लावायचा?

दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 ला हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरवरचा सुमारे 1.3 टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला, म्हणजे कुलूपबंद झाला. संसदेत सरकारनं कारण सांगितलं ते असं, की नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते. तिथेही मुद्दा दार कुणी उघडलं हा नव्हता, आतल्या भिंती कुठे होत्या हा होता.

म्हणून आमच्याकडे मी सगळा जोर आतल्या भिंतींवर लावलाय. बिलिंगचा संगणक शेजारच्या बिलिंगच्या संगणकाशीही थेट बोलू शकत नाही, दोघंही फक्त सर्व्हरशी बोलतात. एमआरआय चालवणारा संगणक अजून जुन्या विंडोज 7 वर आहे. मशिनवाल्या कंपनीच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, म्हणून त्याचं जाळंच वेगळं, तिथे ना मेल ना इंटरनेट. डेस्कवर कुणालाही अ‍ॅडमिनचे, म्हणजे नवे प्रोग्रॅम टाकण्याचे किंवा सेटिंग बदलण्याचे अधिकार नाहीत, विभागप्रमुखांनाही नाहीत. यावरून बरीच वादावादी झाली आणि मी मागे हटले नाही. बॅकअपची एक प्रत कायम वायरीपासून सुटी.

मध्यंतरी टीपीए डेस्कवरून फोन आला. "मॅडम, एक्सेल उघडलं, वर लाल पट्टी आलीय आणि फाइल चालू करायचं बटणच नाही." मायक्रोसॉफ्टनं 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइल्समधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद ठेवायला सुरुवात केली, त्याची ती पट्टी. क्लेम नाकारल्याचाच मेल होता. ताईंनी लगेच सांगितलं म्हणून बाकीच्या डेस्कवर पडलेला तोच मेल कुणी उघडायच्या आत काढून टाकता आला. मी त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली, मुद्दाम. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि तो फोन कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त मोलाचा आहे.

रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच. हॉस्पिटलात रात्रभर जागा असतो तो टेलिफोन ऑपरेटर, म्हणून अलर्ट आला की त्याच्या टेबलावर फोन वाजतो आणि तो मला उठवतो. कॅज्युअल्टीच्या सिस्टरना आणि वॉर्डातल्या मामांनाही शिकवलंय, संगणकावर काही भलतं दिसलं तर मागची नेटवर्कची निळी वायर काढा, संगणक मात्र बंद करू नका. वायर काढली की पसरणं थांबतं, आणि संगणक चालू राहिला तर मेमरीतला पुरावा शिल्लक राहतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात, तेव्हा तो पुरावा लागतोच.

तरीही मी एकटीनं उठायचं ही कायमची व्यवस्था होऊ शकत नाही. रात्रपाळीला लॉग बघणारा एक माणूस द्या, असा माझा अर्ज मॅनेजमेंटकडे आहे. सोबत त्या अहवालातली 18 मार्च ते 14 मेची पानं मराठीत करून जोडली आहेत.