आईला घेऊन व्हिएतनाम : दोघे, दहा दिवस, लाखाच्या आत

परदेशी जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली, "मला उपाशी ठेवू नकोस." आई माळकरी. मांसाहार सोडाच, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. त्यामुळे कमी खर्चाचा देश शोधताना मी तिकिटाच्या आधी ताट बघत होतो.

यादीत चार नावं होती. नेपाळ आईचं मुक्तिनाथच्या यात्रेत होऊन गेलेलं. श्रीलंकेचं विमान स्वस्त, पण सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांचं तिकीट डॉलरमध्ये. दोघांच्या दोन-तीन जागा झाल्या की विमानात वाचवलेलं तिथे जातं. थायलंडची बेटं बघायची तर बोटींवरच पैसे संपतात. राहिलं व्हिएतनाम. "रुपयाला तीनशे डाँग मिळतात, म्हणजे स्वस्तच की," असं सांगणारे बरेच भेटले. या हिशोबाला भुलू नका. रुपया येनपेक्षाही मोठा आहे, म्हणून टोकियो स्वस्त होत नाही. बघायचं ते एवढंच, की उतरल्यावर एक खोली, दोन जेवणं आणि गावातल्या गावात फिरणं यांना दिवसाला किती लागतात. हनोईत आम्हा दोघांचं ते साडेतीन हजार रुपयांत बसलं.

ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत, त्या दुप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना ते बघा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते जसं छापलंय तसंच अर्जात भरा. आईच्या अर्जात मी बाबांचं नाव गाळलं आणि पुन्हा २५ डॉलर भरले. फी परत मिळत नाही.

मार्चमध्ये गेलो. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर मध्य व्हिएतनाम वगळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला धो-धो पावसाचा काळ, होई आन या गावाच्या जुन्या गल्ल्यांत तेव्हा नदी शिरते. जानेवारी-फेब्रुवारीत 'तेत' हे त्यांचं नववर्ष येतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

विमानाची परतीची तिकिटं प्रत्येकी २३ हजारांना पडली, जाताना हनोई आणि येताना हो ची मिन्ह सिटी. या भाड्यात फक्त ७ किलोंची हातातली बॅग. विमानतळावर काट्यावर ठेवली तर आईची साडेनऊ भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू! अर्धे लाडू रांगेतल्या लोकांना वाटले, चटणी माझ्या जॅकेटच्या खिशातून व्हिएतनामला गेली.

हनोई विमानतळावरून टॅक्सीवाल्यांकडे न बघता ८६ नंबरची बस धरा. ४५,००० डाँग, म्हणजे दीडशे रुपयांत थेट जुन्या शहरात. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. आणि निळ्या नोटांना जपा: २० हजारांची निळी, ५ लाखांचीही निळीच. संध्याकाळच्या उजेडात मी शहाळेवालीला २० हजार म्हणून ५ लाख दिले. तिने नोट माझ्या डोळ्यांसमोर धरून शून्यं मोजून दाखवली आणि परत केली. सोळाशे रुपये वाचले. तेव्हापासून मोठ्या नोटा आईच्या बटव्यात.

आता जेवण. एक शब्द पाठ करा: 'चय'. म्हणजे शाकाहारी. 'तोय आन चय', मी शाकाहारी जेवतो. आईला वाटलं हे लोक चहाच विचारतायत, ती पहिले दोन दिवस "नको, झाला" म्हणत होती. नुसतं 'भाजी घाला' सांगून भागत नाही, कारण भाजीतही माशांपासून केलेला 'नुओक माम' हा सॉस असतो. पाटीवर 'कोम चय' दिसलं की निर्धास्त आत शिरा. ही बौद्धांची खानावळ. भात, टोफू, केळफुलाची कोशिंबीर, मशरूम, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नाही. ताट ४० ते ५० हजार डाँग. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक शाकाहार पाळतात, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा. हे कळल्यावर आईचा त्या देशावर विश्वास बसला.

हनोई ते दा नांग रात्रीची गाडी घ्या, एका मुक्कामाचं भाडं वाचतं. सुमारे सोळा तास लागतात. हुए हे शहर मागे पडलं की सकाळी खिडकीवर बसा. हाय व्हानचा घाट चढताना एका बाजूला डोंगर आणि खाली समुद्र. लोहमार्ग मीटरगेज आहे. आईचं माहेर हिंगोलीचं, डबा हलायला लागला तशी म्हणाली, "आमची पूर्णा-खंडवा अशीच चालायची."

दा नांगजवळच्या होई आनहून 'मी सन' हा जुन्या देवळांचा समूह साधारण ४० किलोमीटर. तिकीट दीड लाख डाँग, म्हणजे पाचशे रुपये. सकाळी लवकर पोहोचा, दहानंतर विटा तापतात. चौथ्या शतकापासून चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांनी इथे शिवाची देवळं बांधली. इथल्या देवाचं नाव भद्रेश्वर. १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरीच पडली, खड्डे आजही दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी इथे डागडुजी केली. २०२०मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आई एका पिंडीपाशी उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अरे, इथे पाणी कोण घालतं?" मी काय सांगणार. तिने बाटलीतलं घोटभर पाणी ओंजळीत घेतलं, पण रखवालदाराकडे बघून ते स्वतःच पिऊन टाकलं.

होई आनच्या कंदिलांबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. संध्याकाळी गर्दी इतकी की आईचा हात सोडवेना.

एकूण खर्च ९९ हजार, दोघांचा. त्यात विमान ४६, देशातली आगगाडी, बस आणि दा नांगहून दक्षिणेचं विमान मिळून १७, खोल्या साधारण १५, जेवण १३, बाकी व्हिसा आणि तिकिटं. माझे वाया गेलेले २५ डॉलर यात धरलेले नाहीत, ते आईला अजून माहीत नाहीत.