ऑगस्टची सुट्टी आणि भिंतीवरचा कागद

जर्मनीत येऊन सात महिने झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा मोठी सुट्टी मागितली. ऑगस्टमध्ये तीन आठवडे. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "ऑगस्ट नाही जमणार." आवाज अगदी सरळ होता, पण मला ऐकू आलं ते वेगळंच : तू नवी, तू बाहेरची, तुझा नंबर शेवटी. सुट्टी म्हणजे साहेबांची मर्जी, आणि मर्जी म्हणजे कोण त्यांच्या किती जवळचं, हे गणित मी विमानात सामानाबरोबर घेऊनच आले होते.

पुढचे चार दिवस मी एकही ड्रॉइंग मनापासून केलं नाही. वेळेवर आले, वेळेवर गेले, विचारलं तेवढंच बोलले.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "बेट्रीब्सराटकडे जा की." म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती. युनियन वेगळी, ही वेगळी. कंपनीत पाच कायम कर्मचारी असले तरी ती निवडता येते, निवडणूक दर चार वर्षांनी होते, आणि मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. समितीचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला नोकरीवरून काढलं, तर ते काढणंच कायद्याने बाद ठरतं. सुट्ट्या कशा वाटायच्या याचे नियमही जिथे समिती आहे तिथे कंपनीला एकटीने ठरवता येत नाहीत.

मी तक्रार घेऊन गेले होते. समितीतल्या बाईंनी शांतपणे भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. शाळेत जाणारी मुलं असतील त्यांना शाळेच्या सुट्टीत आधी. गेल्या वर्षी ज्यांना ऑगस्ट मिळाला त्यांनी यंदा मागे. एका वेळी दोघांहून जास्त जण नाहीत. खाली नावं होती. पहिल्या दोघांना शाळकरी मुलं. तिसरं नाव साहेबांचं, चौथं माझं.

साहेबांनाही ऑगस्ट मिळाला नव्हता! आणि हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. (जर्मन माणूस कमी बोलतो असं नाही, कागद भिंतीवर आहे म्हणजे सगळ्यांनी वाचलाच असेल, असं तो धरून चालतो.) सुट्टी काही मिळाली नाही, पण राग कुठल्या कुठे गेला. माझ्या चार दिवसांच्या फुरंगटण्याची किंमत कंपनीने मोजली, तीही दोन वाक्यं न बोलल्यामुळे.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा 1990 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कापला. एका ठिकाणी कारण नीट समजावून सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी थातुरमातुर. कपात दोन्हीकडे सारखीच, पण दुसरीकडे मालाची चोरी बरीच जास्त झाली. मी काही चोरलं नाही, पण ते चार दिवस कुठल्या खात्यात टाकायचे?

पुढच्या वर्षी ऑगस्ट मला मिळाला. वीस वर्षं जुना एक सहकारी मागे सरला, आणि माझ्याशी त्याचं वागणं तसूभरही बदललं नाही. मलाही कुणाचे आभार मानावे लागले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता हेही सांगायला हवं. आमच्या विभागात एक तरुण दुसऱ्या कंपनीमार्फत कंत्राटावर आहे. काम आमच्यासारखंच, पण सामूहिक कराराचा, म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातल्या कराराचा, आधार असेल, तर अशा माणसाला पहिले नऊ महिने कमी पगार देता येतो. नेमणूक तीन महिन्यांहून जास्त असल्याने समितीच्या निवडणुकीत त्याला मत आहे. त्या कागदावर मात्र त्याचं नाव नाही, कारण त्याची सुट्टी त्याला पाठवणारी कंपनी ठरवते.

परवा तो त्या कागदासमोर उभा दिसला. मी विचारलं, "काय शोधतोयस?"

"ऑगस्टमध्ये कोण कोण नाही ते बघतोय," तो म्हणाला. "त्यांचं काम माझ्याकडे येतं."